अडलेला सुळा

…नाही, पण मी म्हणते, माणसाने हसावं, कोण नको म्हणतंय? पण इतकं? आणि माझ्यासमोर? आमच्या थोरल्या जाऊबाई हो! आम्ही दोघी घरीच शिवणकाम करतो, समोरासमोर दोन मशिनी, म्हणजे सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काय? तर त्यांचे दात! दोरा तोडायला कात्री म्हणून घेणार नाहीत. कट्‌कन दातानेच. "कात्री कशाला गं धाकटे, देवाने दिलेत की!" आणि जाऊबाई हसणार. पूर्ण बत्तीस!

आणि माझ्याकडे काय? खिंड! वरचा डावा सुळा असतो ना, तिथे. दुधाचा पडला अकराव्या वर्षी, पुढचा आलाच नाही. आई म्हणायची, "येईल गं, काहींचे उशिरा येतात." अहो, मी सत्तेचाळीसची झाले, आणखी किती उशिरा? त्या खिंडीचा उपयोग एकच, टाचण्या धरायच्या. बरोबर पाच मावायच्या. माप द्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "किती शांत हो तुम्ही!" शांत कसली, तोंडात टाचण्या! फोटोत ओठ मिटलेले, हसताना हात तोंडावर… पुतण्याच्या मित्राने एकदा विचारलं, "तुझी काकू कायम कुणावर रागावलेली असते रे?" आणि जाऊबाई हसल्या. पूर्ण बत्तीस!

मग काय झालं, सासूबाईंना पुढच्या वर्षी पंचाहत्तर पूर्ण होणार, तर तेव्हा घरातल्या सगळ्यांचा एक मोठा फोटो काढून बैठकीच्या भिंतीवर लावायचं ठरलं. तुम्हाला सांगते, त्या रात्री मला झोप नाही. भिंतीवर म्हणजे कायमचं हो! मी मेल्यावरही तिथे मिटलेल्या ओठांनीच? म्हटलं, नाही. या फोटोत मी हसणार. तोंड उघडून.

गेले दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी एक्स-रे काढला, उजेडाला धरला आणि म्हणतात, "दात आहे की तुमचा! आत आहे. वाटेत गाठ बसलीये." गाठ! "घाबरू नका, ही साधी गाठ. ओडोन्टोमा म्हणतात. दात घडवायचं सामान चुकून एका जागी साठतं आणि त्याचेच बारीक बारीक दात होतात. त्यांनी वाट अडवलीये." म्हणजे बघा, छत्तीस वर्षं माझा सुळा बिचारा दाराशी उभा आणि पुढे ही गर्दी!

काढली गाठ. आतून किती निघाले असतील? तेवीस! तांदळाच्या कणीएवढे. डॉक्टरीणबाईंनी बाटलीत घालून दिले. घरी येताना मी हिशोब केला… माझे बत्तीस, वर हे तेवीस, पंचावन्न! कुठे बत्तीस आणि कुठे पंचावन्न! आयुष्यात पहिल्यांदा जाऊबाईंना मागे टाकलं हो मी!

पण टाके ना तोंडात! "तीन दिवस बोलायचं नाही." शेजारपाजार बघायला लोटला आणि बाटली कुणाच्या हातात? जाऊबाईंच्या! "आमच्या धाकटीच्या हिरडीतून ना…" पहिल्या दिवशी तेवीस निघाले, दुसऱ्या दिवशी चाळीस, तिसऱ्या दिवशी तर डॉक्टरीणबाईंना घेरीच आली! मी कासावीस होऊन बोटं दाखवतेय, दोन आणि तीन, तेवीस! तर म्हणतात, "बघा, बघा, अजून पाच आहेत म्हणते!" आणि जाऊबाई हसल्या. पूर्ण बत्तीस!

पुढे वर्षभर तार. सुळ्याला चिमुकली साखळी लावून दर महिन्याला जरा जरा खाली ओढायचा. मला कळायचं कशावरून? टाचण्यांवरून! पाचाच्या चार झाल्या, चाराच्या दोन. एक दिवस एकही बसेना. जाऊबाई मशीन थांबवून उठल्या, "आ कर बघू… आला गं! धाकटे, आला!" आणि डोळ्यांना पदर लावला. आता सांगा, दात माझा, वर्षभर ठणकलं मला, आणि रडायचा मानही यांनाच?

उजाडला फोटोचा दिवस. तारा निघालेल्या, मी आरशासमोर तालीम करतेय. जाऊबाई सासूबाईंच्या नव्या कपड्यांना शेवटची टीप घालत होत्या. नायलॉनचा जाड दोरा. मी म्हटलं, "जाऊबाई, कात्री…" "कशाला गं, देवाने…" कट्‌! आवाज वेगळाच आला हो. पुढचा दात अर्धा खाली, कपड्यावर!

फोटो निघाला. मी हसले… सुळ्यासकट! आणि जाऊबाई? ओठ घट्ट मिटून. जन्मात पहिल्यांदा!

आता तो फोटो भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक माणूस समोर थांबतो. मी शेजारी उभी राहते, सगळे दात दाखवून. म्हटलं, आता विचारतील, आता विचारतील… तर विचारतात काय? "अगंबाई, थोरल्या का हो हसल्या नाहीत? बऱ्या आहेत ना?"

आणि परवा एक बाई, शिवायला कापड टाकायला आलेल्या, फोटो बघून माझ्याकडे वळून म्हणतात, "त्या बिचाऱ्या एवढ्या दुःखात दिसतात आणि तुम्हाला हो हसू कसं येतं?"

…मिटले ओठ. सवय आहे.