शेवटच्या पानावरचं नाव

सुकन्या : ...तात्या, काम र्‍हाऊ द्या. बसा हितं, आणि कम्प्युटरच्या पुस्तिकेचं हे शेवटचं पान वाचा.

दत्तोबा : मी काय वाचू? पुस्तिका टाइप करणारी तू. मी ऊस मोजणारा काट्यावरचा माणूस, त्यो बी ह्या महिनाअखेरपतूर.

सुकन्या : वाचा तरी.

दत्तोबा : "वजनकाट्याचा प्रोग्रॅम, व्हर्जन दोन. रिकाम्या गाडीचे वजन दर खेपेला नव्याने घ्यावे, ही सूचना : दत्तोबा म्हस्कू..." ए पोरी, हे खोटं हाय! मी सांगितलं ते पैल्या व्हर्जनला. चाक बदललं की गाडीचं वजन बदलतं, एवढंच बोललो हुतो. दुसरं आलं तवा मी दवाखान्यात न्हवतो का?

सुकन्या : तेच तर. साहेब पुण्याला जाताना तांबड्या पेन्सिलीनं एवढंच लिहून गेले, 'व्हर्जन एकच्या जागी दोन करणे.' मी कम्प्युटरला सांगितलं, त्यानं एका दमात सगळीकडं केलं. पान चार बघा, "व्हर्जन दोनमधील पावत्या व्हर्जन दोनमध्ये दिसत नाहीत."

दत्तोबा : आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय!

सुकन्या : हसू नका. पान चार मी सरळ करीन. पण तुमच्या ओळीचं काय करू?

दत्तोबा : त्यात काय? जुनं व्हर्जन गेलं, जुना माणूस चालला. खोड.

सुकन्या : खरंच खोडू?

दत्तोबा : खोड म्हणतो न्हवं. अठ्ठावीस सीझन काट्यावर काढले, नाव छापलं ते ह्या एकाच कागदावर. आमच्या लग्नाला पत्रिका सुदीक न्हवती. पण दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव नको, बाई.

सुकन्या : मग मी अंदाजानं काही करणार नाही. साहेबांनाच विचारते.

दत्तोबा : एका ओळीपायी पुण्याला फोन? खवळतील.

सुकन्या : खवळू देत.

(ती फोन लावते.)

सुकन्या : साहेब, सुकन्या बोलतेय. पुस्तिकेत सगळीकडं दोन करायचं, का आता चालतं तेवढ्यालाच?... शेवटच्या पानावर दत्तोबा तात्यांचं नाव आहे, पहिल्या व्हर्जनच्या कामाचं... हो... हो साहेब, सांगते.

दत्तोबा : काय म्हणाले? खोडायचंच ना?

सुकन्या : म्हणाले, घाईत मीच अर्धं लिहिलं. आज काट्यावर जे चालतं, त्याला दोन करा. मागं घडून गेलं त्याला हात लावू नका. तात्यांची ओळ होती तशी छापा, पहिल्या व्हर्जनसकट.

दत्तोबा : लई बरं झालं, पोरी. खोड म्हणालो खरं, पण पोटात तुटलं हुतं.

सुकन्या : कळलं होतं मला.

दत्तोबा : मला एक प्रत जादा देशील?

सुकन्या : देईन की. कुणाला?

दत्तोबा : आमच्या कौसल्येला. साक्षरतेच्या वर्गाला जाती यंदा, अक्षराला अक्षर जोडून वाचती.

सुकन्या : काकू खूश होतील.

दत्तोबा : लग्नात उखाण्यात माझं नाव घेतलं, तेवढंच. त्यानंतर 'अवं' न् 'आयकलं का'. आता वाचताना तरी घ्यावं लागंल.