कुमुदिनीबाईंची गोधडीची खोली

मंडळी, टाळ मांडीवर ठेवा. पेटीवाले, जरा भाता मिटा. आता गाणं नाही, आता गोष्ट. आणि गोष्टीच्या आधी एक प्रश्न. तो मी या पुढं बसलेल्या पोरांना विचारतो, मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

बाळांनो, एका घरी आईनं सगळी भांडी घासली. अगदी चकचकीत! फळीवर ओळीनं लावली. पीठ डब्यात, मीठ बरणीत, पळ्या खिळ्याला. आणि चूल काही पेटवली नाही. सांगा बरं, जेवण झालं का?

नाही म्हणता? सगळेच? शाबास. तुमचं कीर्तन इथंच संपलं. पण हे मागं बसलेत ना, फेटेवाले, चष्मेवाले, यांना एवढ्यानं कळत नाही. यांना आख्यान लागतं. तेव्हा यांच्यासाठी बसा थोडा वेळ.

तर ऐका. गावाचं नाव सांगत नाही. इथंच कुणाचं तरी माहेर निघायचं. त्या गावात कुमुदिनीबाई नावाची बाई. हात असा, की गोधडीवर तिचा धावदोरा बघावा, जशी मुंग्यांची रांग! मिळेल तिथं बसायची. ओसरीवर, अंगणात, शेजारणीच्या दारात. जुनी लुगडी खाली अंथरायची, त्यावर थर लावायचे, मग स्वतःच त्या कापडावर बसून कडेपासून आत आत शिवत यायचं. पोरं अंगावर लोळतायत, शेंगा सोलणं चाललंय, आणि गोधडी होतेय. कुणाला कल्पना सुचते, कुणाला नाही, असला विचार तिला शिवला नव्हता.

तिची लेक रेणुका. लग्न होऊन गेली, दिवस राहिले. तिनं आईला फोन केला आणि मागून मागून काय मागितलं? सोनं नाही, साडी नाही. म्हणाली, "आई, बाळाला तुझ्या रोजच्या पातळांची गोधडी कर. ज्यांच्या पदराला मी तोंड पुसलं ना, ती."

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यात लेकराच्या अंगाखाली पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत. जुनं, मऊ, माणसाच्या अंगाचा वास असलेलं. आणि पाळण्यातलं पहिलं अंथरूण आजोळचं. म्हणजे काम केवढं? चार पातळं, सुई, दोरा. बस!

पण त्याच आठवड्यात कुमुदिनीबाईंनी मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली. कुठल्या तरी देशातली बाई, तिची गोधडी शिवायची खास खोली. भिंतभर कपाटं, कापडाच्या रंगवार घड्या. ती बाई सांगत होती म्हणे, की जागा नीट असली की कल्पना आपोआप उमलतात. झालं! कुमुदिनीबाईंना वाटलं, आपण आजवर शिवलं ते ओसरीवर, म्हणजे कल्पनेशिवायच शिवलं की!

मागची खोली रिकामी केली. रिकामी म्हणजे काय, तिथं त्यांचे यजमान दिगंबरराव झोपत होते. त्यांची खाट ओसरीवर आली. मागोमाग बिचारे तेही आले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस खाटेबरोबर निमूट जातो.

सुतार आला. तीन भिंतींना कपाटं. मधोमध कापड बेतायला टेबल, असं की त्यावर वऱ्हाड जेवेल. दोऱ्याच्या रिळांना फळी, कात्र्यांना खुंट्या. कागदाची कात्री वेगळी, कापडाची वेगळी, दोऱ्याची वेगळी. एका खणात बरण्या भरून बटणं. मी विचारतो, गोधडीला बटण कुठं लागतं? आणि कापडाच्या खणांवर चिठ्ठ्या: निळं. फिकट निळं. निळं होऊ पाहणारं! हसू नका, तुमच्या कपाटात काय आहे मला माहीत आहे.

मग दर्शन सुरू झालं. हो, दर्शनच! गल्लीतल्या बायका यायच्या, चपला बाहेर काढायच्या, हात मागं बांधून बघायच्या. घडी विस्कटायची नाही. हळदीकुंकू त्या खोलीच्या दारात झालं. एकीनं धीर करून विचारलं, गोधडी कुठवर आली? बाईंनी सांगितलं, अजून मन लागत नाही. उजेड डाव्या हाताकडून यायला हवा. सुतार पुन्हा आला. टेबल फिरलं. मग बसायचं स्टूल उंच वाटलं. मग चिठ्ठ्यांचं अक्षर आवडेना.

दिगंबरराव ओसरीवरून एवढंच म्हणाले, "अगं, कळस झाला, मंडप झाला. देव कधी बसवतेस?"

रेणुका बाळंतपणाला आली. पोट सांभाळत खोलीच्या दारात उभी राहिली. सगळं पाहिलं, आणि मागितलेली पातळं कुठं आहेत म्हणून विचारलं. आईनं अभिमानानं दाखवली. रंगाप्रमाणं वेगवेगळ्या खणांत, काठाला काठ लावून. लेकीनं एक काठ बोटानं चाचपला. तिला वाटलं होतं, निदान टाके पडले असतील.

मंडळी, लेकराला कपाटाचं काय पडलंय? ते आपल्या वेळेला आलं. मुलगी झाली. गोरीगोमटी, आवाज खणखणीत. आणि बारसं तोंडावर आलं. आता मात्र कुमुदिनीबाई घाईनं उठल्या. खोलीत शिरल्या, पातळं काढली, अंथरायला वाकल्या...

पोरांनो, गोधडी कशावर अंथरतात? जमिनीवर! आणि त्या खोलीत जमीनच नव्हती! तीन भिंती कपाटांनी खाल्लेल्या, उरलेली जमीन टेबलानं. टेबलावर अंथरावं, तर थर दोन्हीकडून घसरतात. गोधडीवर बसल्याशिवाय गोधडी दबत नाही, आणि टेबलावर बसणार कोण? टेबल बाहेर काढू म्हटलं, तर ते दारातून जाईना. सुतारानं ते आतच जोडलं होतं. गोधडीसाठी सगळं होतं त्या खोलीत. फक्त गोधडीला जागा नव्हती.

तेवढ्यात रेणुकाच्या सासूबाई, भागाबाई, बारशासाठी येऊन ठेपल्या. तोंडानं तिखट बाई. बघतात तर विहीण टेबलाच्या कडेला पातळ धरून उभी, डोळ्यांत पाणी.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं गोधडी उभ्यानं शिवतात का?"

कुमुदिनीबाईंना राग यायला हवा होता. आला नाही. खालच्या आवाजात म्हणाल्या, "शिवायची कशी, तेच विसरले हो मी. नुसतं लावत बसले."

भागाबाईंनी मग टोमणा मारला नाही. त्यांनी खणातली पातळं ओढली, सगळे रंग एकत्र, आणि थेट अंगणात नेऊन पसरली. दर्शनाला येणाऱ्या बायका कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या आपापली सुई घेऊन आल्या. हिरव्याशेजारी जांभळं पडलं, काठ तिरका गेला, कुणाचा टाका लांब, कुणाचा आखूड. हसणं, एकमेकींच्या सासवा काढणं, आणि मधूनच कुणीतरी म्हणे, अगं इथं पिवळं लाव, छान दिसेल! कल्पना तिथं सुचत होत्या, मंडळी. धुळीत.

वेळ पुरला का? नाही पुरला. एक बाजू उघडीच राहिली. सुया मोजून काढून घेतल्या आणि तशीच अर्धवट गोधडी पाळण्यात घातली. नाव ठेवायला नातीला वर निजवलं, आणि कुणी कानात कुर्र करायच्या आत त्या बाईसाहेबांनी गोधडी भिजवली!

बायका हसल्या. कुमुदिनीबाई मात्र सवयीनं बोलून गेल्या, की आता धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवते.

रेणुका म्हणाली, "नको, आई. वाळव आणि परत घाल."

झाली गोष्ट. आता मोठ्यांकडं वळतो. कुमुदिनीबाईंना हसलात. तुमच्या घरची पोथी उलगडता का, की रेशमी बासनच बदलता? पाहुण्यांची म्हणून ठेवलेली भांडी, कुठला पाहुणा यायचा राहिलाय? नाम घ्यायला म्हातारपणाची खोली लावताय ना? लावा. सुतार येऊन जाईल, तुम्ही राहून जाल.

आणि लांब कशाला? त्या खांबामागं बघा. गुंडाळी दिसते? या देवळाची नवी सतरंजी. आणली तशी प्लॅस्टिकसकट, दोरीनं बांधलेली उभी आहे. का? तर मळेल! आणि ही लेकरं इतका वेळ थंड फरशीवर पाय आखडून माझी गोष्ट ऐकतायत.

अध्यक्षसाहेब, मान कसली डोलावताय? उठा. सोडा ती दोरी. पोरांनो, उभे राहा, बाजूला व्हा. आरती थांबेल. आधी अंथरा.