पाचवं दूध

कतारमध्ये, दोह्यात, अनाथ बाळांच्या कचेरीत माझ्या शेजारी दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या. भावजय टाकून दिलेली एक तान्ही पोर सांभाळायला घरी नेणार होती.

"वन्सं, चारदा पाजलंत. आता शेवटचं, पोटभर."

"झोपली गं तुझी लेक."

"उठवा! शरियतप्रमाणे पाचदा झालं की तुम्ही तिची दूधआई आणि हे मामा, परके पुरुष नाहीत. नाहीतर मोठेपणी स्वतःच्याच घरात यांच्यापुढे तोंड झाकून वावरेल ती."

"सालेमला बाबा नाही, मामा म्हणेल. चालेल त्याला?"

"सकाळपासून आरशापुढे 'मामा, मामा' करून बघतायत."

"वेडाच आहे माझा भाऊ. दे इकडे. तळपायाला गुदगुल्या कर."

"उठली! वन्सं, ओढतेय!"

"हळू गं बये. घर तुझंच आहे, कुणी नेत नाही."