टेक म्हणजे घेणे

...आणि एकशे चौदा अर्थ होते हो, किंवा एकशे बारा असतील, आता छातीठोकपणे नाही सांगता येत. माझ्या आठवणीवर माझाच विश्वास उरलेला नाही, सकाळची गोळी घेतली की नाही हे मला बायकोला विचारावं लागतं आणि ती म्हणते, "दोनदा घेतलीत"... पण शंभराच्या वर होते, यावर मी शपथ घ्यायला तयार आहे! आणि छापून काय आलं? तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं आम्ही खपलो, तो इंग्रजी-मराठी कोश छापून आला, विटेएवढा जाड, मी पान उघडलं, आणि तिथे काय? टेक म्हणजे घेणे. बस! पूर्णविराम! आणि त्याच्या खाली टाल्कम पावडर. तिला चार ओळी! पावडरीला चार ओळी आणि माझ्या क्रियापदाला एक शब्द!

तुम्ही म्हणाल, मग चुकलं काय? टेक म्हणजे घेणेच की! असंच म्हणतात सगळे, आमचा न्हावीसुद्धा हेच म्हणाला, मानेवर वस्तरा होता म्हणून गप्प बसलो. पण तुम्ही जरा विचार करा. ते लोक फोटो टेक करतात, आपण तो काढतो. ते बस टेक करतात, आपण ती पकडतो, मिळाली तर. परीक्षा टेक करतो तो बिचारा विद्यार्थी, आणि आपल्याकडे तो ती देतो, घेणारे मास्तर! म्हणजे अर्थ सरळ उलटा झाला की नाही? कामाला वेळ टेक होतो म्हणजे लागतो. विमान टेक ऑफ होतं म्हणजे उडतं, आणि कोट टेक ऑफ केला तर तो उडत नाही, खुंटीवर जातो. मुलगा टेक आफ्टर म्हणजे बापावर जातो. भोळा माणूस टेकन इन होतो, म्हणजे फसतो... तो मी! आणि हे सगळं एका 'घेणे'त कोंबायचं? नुसतं 'घेणे' म्हणायचं तर पकडणे, स्वीकारणे, उचलणे, बळकावणे, सोसणे, मानणे या सगळ्यांनी जायचं कुठे?

सात वर्षं! अकरांपैकी सात मी त्या एका शब्दावर घालवली. आमचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, खिडक्या न उघडणाऱ्या, भिंतीला लाकडी खणांची कपाटं आणि खणांत कार्डं. एका अर्थाला एक कार्ड. मी बसायचो पंख्याखाली, म्हणजे कार्डं उडायची, आणि समोर बसायचा लांबोबा. लांबोबा म्हणजे माझा मित्र, कॉलेजपासूनचा, दारातून वाकून आत यायचा म्हणून लांबोबा. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त घाम त्याला आला होता, असा मित्र! शेवटची निवड त्याच्या हातात. काय ठेवायचं, काय काढायचं, कुणाचं कार्ड कुणी तपासायचं, त्याची वही त्याच्याकडे. मग तुम्हीच सांगा, माझी शंभरावर कार्डं कापली कुणी?

मी कोश काखेत मारून तीन मजले चढलो. धाप लागलेली. म्हटलं, "कुणी कापलं?" लांबोबानं त्या पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.   आणि मग म्हणाला, "मी."

मी! एवढंच! ना कारण, ना माफी. म्हटलं, "का?" तर म्हणतो, "जागा नव्हती रे." जागा नव्हती! आणि पावडरीला होती? मी तिथेच सांगितलं, आजपासून तुझं तोंड बघणार नाही. आणि नाही बघितलं, तुम्हाला सांगतो. बावीस वर्षं. रस्त्यात समोरून आला की मी दुकानाच्या पाटीकडे बघायचो, आणि त्याची उंची अशी की पाटीच्या वर त्याचंच डोकं दिसायचं! त्याच्या मुलीचं लग्न झालं, मी गेलो नाही. बायको एकटी गेली, नवी साडी नेसून, आणि आल्यावर म्हणाली, "तुमची खुर्ची रिकामी ठेवली होती त्यांनी. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही." मी म्हटलं, "अपराधी माणूस असंच करतो." ती म्हणाली, "अहो, एका शब्दासाठी?" एका शब्दासाठी! म्हटलं, तो एक शब्द नाही, एकशे चौदा आहेत! छापला तेवढा एक. टेक म्हणजे घेणे!

आता आमची तपासणीची पद्धत सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा भलत्याच वाटेला लागला. पद्धत माझी होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. लिहिणाऱ्याचं नाव कार्डावर नाही. सगळी कार्डं टायपिस्ट बाई पुन्हा टाइप करायच्या, म्हणजे अक्षर ओळखायला नको. इंग्रजी शब्दावर कागदाची पट्टी चिकटवायची. आणि सगळ्या शब्दांची कार्डं पत्त्यांसारखी पिसून वाटायची. तपासणाऱ्यानं नुसता मराठी अर्थ वाचायचा आणि एकच लिहायचं, ठेवा किंवा काढा. ओळख नाही, भीड नाही. लांबोबा म्हणाला होता, "अरे, माणूस स्वतःच्या पोरालाही ओळखायचा नाही अशानं!" मी म्हटलं, "तोच तर फायदा!"

आणि तपासायला मी कडक. हिरवी शाई. दिवसाला दोनशे कार्डं उडवायचो. लांबोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर होता, तेव्हा बाईच कार्डं वाटायच्या, आणि त्या दोन महिन्यांत तर काय भिकार माल आला माझ्याकडे! कुणीतरी अगदी गुळमुळीत माणूस लिहीत असावा. प्रत्येक अर्थापुढे 'बहुधा', 'क्वचित', 'काही वेळा'... अरे, ठामपणे बोल ना! बाईंना मी म्हटलंसुद्धा, "कोण हो हा? याला स्वतःचं नाव तरी नक्की माहीत आहे का?" बाई म्हणाल्या, "मला नाही बाई माहीत, नियम तुमचाच." मी सपासप काढत गेलो.

तर ती कार्डं एका कॉलेजच्या ग्रंथालयाच्या तळघरात पडली आहेत असं मला गेल्या वर्षी कळलं. म्हटलं, चला! लांबोबाच्या हस्ताक्षरातला पुरावा तरी डोळ्यांनी बघू, मरायच्या आधी. बायको म्हणाली, "कशाला उकरताय? जाऊ नका." इतकी वर्षं कधी अडवलं नाही, आणि नेमकं तेव्हाच! मी गेलो. ग्रंथपाल बाईंनी एक खण आणून टेबलावर ठेवला. पहिल्या कार्डावरची पट्टी नखानं काढली. खाली टेक. आणि वर लिहिलेलं, काढा.

हिरव्या शाईत.

म्हटलं, योगायोग असेल. दुसरं काढलं. 'काढा. लेखकाला खात्री नाही.' तिसरं. 'काढा. लेखक घाबरट दिसतो.' खाली सही. अहो, ती सही मी दर महिन्याला पेन्शनच्या कागदावर करतो! माझ्याच पोटचे एकशे बारा अर्थ मीच एकेक करून मारले होते, आणि वर शेरे! फक्त एका कार्डावरचा माझा 'काढा' खोडलेला होता, आणि लांबोबाच्या त्या लांबलचक अक्षरात लिहिलं होतं, 'ठेवा. मी रजेवरून आलो तोवर पान छापखान्यात गेलं होतं, एवढी एकच ओळ घालता आली. निदान एक तरी राहू दे त्याचं.' ते कार्ड 'घेणे'चं.

घरी आलो. बायको दारातच उभी. माझं तोंड बघून म्हणाली, "कळलं?" म्हणजे हिला ठाऊक! "ते तेव्हाच आले होते सांगायला," म्हणाली. "म्हणाले, वहिनी, तो माझ्यावर चिडला तर बरा राहील, स्वतःवर चिडला तर जेवायचा नाही." बावीस वर्षं, तुम्हाला सांगतो, माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे!

फोन लावला. तिकडून आवाज, तोच. म्हटलं, "मी बोलतोय." तर म्हणतो, "बावीस वर्षं लागली? मला वाटलं होतं, हुशार आहेस. ये, खुर्ची अजून रिकामीच आहे."  आलो म्हटलं, आणि चपला शोधायला लागलो.

पण जायच्या आधी पुन्हा एकदा तळघरात गेलो. म्हटलं, आठवणीवर विसंबायचं नाही, मोजूनच घेऊ. एकशे तेरा निघाली. मी दोन्हीकडून चुकलो होतो. आणि एक्क्याण्णवाव्या कार्डावर आमच्या टायपिस्ट बाईंनी स्वच्छ टाइप केलेलं होतं, 'दुसऱ्याचा दोष (क्वचित) स्वतःच्या अंगावर घेणे.' चष्मा पुसून दोनदा वाचलं. त्याच्याखाली हिरव्या शाईत, माझ्या सहीनिशी, 'असं प्रत्यक्षात कुणी करत नाही. काढा.'