रुपेरी निवडुंगाचा लिफाफा

—नाही हो, थेंब झोंबत वगैरे काही नाहीत, थोडं पाणी येतंय एवढंच, आणि त्याची माझ्या डोळ्यांना सवय आहे, बावीस सिनेमांत रडलोय मी — किती वेळ बसायचं म्हणालात? वीस मिनिटं? बसतो की. पण गप्प बसणं मला जमायचं नाही, डॉक्टरीणबाई, आधीच सांगून ठेवतो. तुम्ही तुमचं लिहीत राहा, मी बोलतो. त्या फॉर्मवर आम्पारोनं — माझी बायको, बाहेर बाकावर बसलीय ना, निळ्या शालीतली, ती — तिनं काय लिहिलंय, "नजर तरुणपणापासून अधू", असंच ना? बरोबर आहे. म्हणजे, सगळ्या मेक्सिकोला ठाऊक आहे ते. एव्हारिस्तो किरोगा. आंधळा किरोगा. नाही ऐकलंत कधी? तुमचा जन्म कधीचा? हां, मग घरी जाऊन आजीला विचारा. आधी हसेल ती, मग सांगेल.

तर रुपेरी निवडुंग. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा मान, दर मार्चमध्ये, राजधानीतलं भलंमोठं थिएटर, टीव्हीवर थेट. बक्षीस म्हणजे खरोखरचा हातभर उंच चांदीचा निवडुंग, काट्यांसकट — ज्यानं तो घडवला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की माणसं बक्षीस छातीशी धरतात. दर वर्षी कोणीतरी रक्त पुसत पुसत आईचे आभार मानायचं. मी सांगतोय ते चौऱ्याहत्तर साल. त्या वर्षी उत्तम चित्रपट ठरला मिठागरावरचा, चार तासांचा, तो बघताना निम्मे परीक्षक घोरत होते, उरलेल्या निम्म्यांनी मतं दिली. उत्तम अभिनेता ठरला तो जानेवारीतच वारला होता, म्हणून त्याचा भाऊ आला आणि स्वतःबद्दलच पंधरा मिनिटं बोलला. मी? मी छत्तीस वर्षांचा, अकरा सिनेमांत घोड्यावर बसलेला, आणि एकदाही नामांकन नाही. घोड्याला होतं एकदा. हसताय कशाला, खरंच होतं — प्राण्यांसाठी एक खास पदक द्यायचे तेव्हा.

बरं, मी प्रेक्षकांतच बसलो होतो, आम्पारोशेजारी. कारण नामांकन होतं तिला. सहायक अभिनेत्री. ट्रक चालवणारी नन केली होती तिनं, आणि काय केली होती, डॉक्टरीणबाई — गिअर टाकताना जपमाळ दातांत धरायची. ते तिचं तिनं शोधलं होतं, दिग्दर्शकानं नाही. निवडुंग तिलाच, हे सगळ्यांना माहीत. आता ते बक्षीस जो देणार होता, कुठल्याशा मंत्र्याचा जावई, त्याला दुपारचे शिंपले बाधले. तो बसला संडासात, आणि व्यवस्थापकानं अंधारात येऊन माझीच कॉलर पकडली — चल, तुझा चेहरा ओळखीचा आहे, पाच मिनिटांत वर जायचंय. नवरा बायकोचं नाव पुकारेल की काय, एवढा विचार करायला त्याला वेळ कुठला.

गेलो. दिवे तोंडावर. लिफाफा फोडला. आणि वाचलं — रेफुखिओ मोंतान्यो.

कार्डावर होतं आम्पारो रिवास. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, कार्डाच्या फोटोसकट. लोक म्हणाले, रिवास आणि रेफुखिओ, र ला र आहेच की, बिचाऱ्याला चष्मा आहे आणि देखणेपणापायी लावत नाही. मी म्हटलं, हो, तसंच झालं. झालं. स्वतःच्या बायकोचं नाव ज्याला वाचता आलं नाही तो हा किरोगा. मासळीबाजारातली पोरं मला पाटी दाखवून विचारायची, मालक, हा मासा की तुमची बायको?

रेफुखिओ म्हणजे आमची दोन्या कुका, तुमच्या भाषेत कुकाबाई. बासष्ट सिनेमे, आणि बासष्टांतही तिनं ट्रेमधून कॉफी आणली. नायिका बदलल्या, नायक म्हातारे झाले, कुका ट्रे घेऊन तशीच. त्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी तिला ट्रे खाली ठेवून पानभर बोलू दिलं होतं, त्यावर तिलाही नामांकन. तिला वाटलंच नव्हतं हो. मी नाव घेतलं तेव्हा बाई बाराव्या रांगेत, बूट काढून ठेवलेले, सुजलेला पाय दुसऱ्या पायानं चोळत, आणि बोटानं दातातला तीळ काढत होती. पोलक्याला मागून टाचणी लावलेली. तशीच उठली, अनवाणी, आणि —

काय म्हणालात?

दिसली म्हणजे... तिनंच सांगितलं असेल नंतर. नाही, तीळ कशाला सांगेल ती. बाराव्या रांगेतला तीळ. हं. तुम्ही फारच नीट ऐकता बुवा, तुमच्या वयाची मुलं ऐकत नाहीत. मला वाटलं तुम्ही लिहिताय.

बरं. पंखा जरा कमी करता? राहू दे.

दिसली मला. सगळंच दिसत होतं. छत्तिसाव्या वर्षी माझी नजर घारीची होती, घोड्यावरून दौडत पन्नास पावलांवरची बाटली फोडायचो मी, पडद्यावर नाही, खरोखर. कार्डावरचं अक्षरन् अक्षर दिसलं. शाई कुठं फुटली होती तेही आठवतंय, आम्पारोच्या शेवटच्या ओ ला. तुम्ही म्हणाल कुकाची दया आली. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच सांगितलं, आणि छान वाटतं ते सांगायला. पण कुका सुचली ती तोंड उघडल्यावर. कोणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं ना. तिसऱ्या रांगेत माद्रिदचा एक निर्माता बसला होता, मिशीला मेण लावलेला. त्यानं जेवताना आम्पारोला सांगितलं होतं — निवडुंग मिळू दे, सोमवारी करार, तीन सिनेमे, दोन वर्षं माद्रिद. मग माझ्याकडे वळून विचारलं, आणि हे यजमान का? यजमान, डॉक्टरीणबाई. अकरा सिनेमे. आम्पारो हसली त्यावर, साधंच हसली, काही वाईट नव्हतं मनात. पण मला वाटलं, ही गेली. विमानात बसली की परत येईल ती दुसरीच कोणी, किंवा येणारच नाही. मी घोड्यावर, ती माद्रिदला. आणि हातात ते कार्ड. झाकली मूठ होती ती, मी उघडलीच नाही, एवढंच.

आणि एक सांगू — ती उठली होती. मी नाव उच्चारायच्या आधीच, माझा चेहरा बघून. नवऱ्याचा चेहरा वाचता येतोच ना बाईला. अर्धी उठून शाल खुर्चीवर ठेवत होती. मी म्हटलं मोंतान्यो. ती तशीच खाली बसली, आणि सगळ्यात आधी टाळ्या तिनं वाजवल्या. तेही दिसलं मला. स्वच्छ दिसलं.

नको, पाणी नको.

दुसऱ्या दिवशी कुका आली आमच्या घरी. निवडुंग फडक्यात गुंडाळलेला, बरोबर मोलेचं, मिरच्या-चॉकलेटच्या रश्श्याचं, पातेलं. म्हणाली, पोरी, हे तुझं आहे, माझ्याकडं चुकून आलं. आम्पारोनं मोले ठेवून घेतलं आणि निवडुंग परत दिला. म्हणाली, "बाई, एकदा हातात आलंय ते खाली ठेवू नका." समितीनं आम्पारोला एक गुंडाळी दिली, प्रमाणपत्र, लाल फीत लावलेलं. माद्रिदवाल्यानं दुसरी कुणी पाहिली. आणि मला चष्मा करावा लागला. काय करणार, आंधळा म्हटल्यावर आंधळा दिसायला नको? जाड भिंगांचा घेतला. त्यातून खरंच काही दिसेना. दारांवर आपटलो, एका बिशपला ओळखीचा वेटर समजून कॉफी मागितली, शेवटी चालत्या घोड्यावरून पडलो, तेव्हा घोडेवाल्या निर्मात्यांनी मला रामराम ठोकला. मग काय मिळणार — आंधळ्यांची कामं. आंधळा भिकारी, आंधळा पेटीवाला, आंधळा न्यायाधीश. न्यायाधीशाला नामांकन मिळालं. पडलो. पन्नाशीनंतर डोळे खरोखर बिघडले, पण मला ते चार वर्षं कळलंच नाही, मी आपला अभिनयच करतोय असं समजत होतो.

आणि आम्पारो मला वाचून दाखवायला लागली. त्याच आठवड्यापासून. म्हणाली, तुला दिसत नाही तर सांगायचं नाही का वेड्या, मी वाचत जाईन. सकाळी पेपर, हॉटेलात पदार्थांची यादी, माझे संवाद, औषधांच्या बाटल्या. चाळीस वर्षं. बाहेरगावची कामं सोडत गेली, कारण मला रस्ता ओलांडायला कोण नेणार? मालिकांतल्या आया केल्या तिनं, संध्याकाळी घरी परत येता येईल अशा. कधी एका शब्दानं बोलली नाही. मीही ओलांडत राहिलो रस्ते, तिचा हात धरून. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण सकाळी ती पेपर उघडायची, अंत्यविधीच्या जाहिराती आधी वाचायची, प्रत्येक मेलेल्या माणसाचा वेगळा आवाज काढून — आणि मला वाटायचं, उद्या सांगू. आज नको, आज मजा येतेय.

आता तुम्ही सांगा, हा मोतीबिंदू काढलात की काय लिहाल कागदावर? खरं लिहावं लागेल ना? की आतून डोळा धडधाकट आहे, होताच. ती वाचणार तो कागद. मोठ्यानं. मलाच वाचून दाखवणार.

नाही, तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाहीये. मनात आलं होतं, खरं सांगतो, मघाशी थेंब घालताना आलं होतं. तुमचा चेहरा बघून सोडून दिलं. आता तर तोही दिसत नाही, सगळं दुधात बुडाल्यासारखं झालंय — कोण आलं? आम्पारो? ये. झालंय बहुतेक, फक्त दिसत नाहीये. नाही, त्यांनी काही केलेलं नाही, थेंब आहेत. हातात काय आहे तुझ्या, ऑपरेशनचं पत्रक? नको वाचूस. नको म्हटलं ना. इथं बस, जवळ, अजून जवळ, मला तुझं तोंड दिसत नाहीये, आणि नको तेव्हा स्वच्छ दिसलं होतं — असो.

डॉक्टरीणबाई, तुम्ही जरा बाहेर जाऊन याल? आणि दार लावून घ्या.