सासऱ्यांचं नाव

देवासच्या वैद्यबुवांच्या ओसरीवर दत्तोपंत खोकत बसले होते. आत वैद्यबुवांपुढे बसलेली म्हातारी लवकर आटपून बाहेर आली, तर औषध घेऊन ऊन चढण्याआधी घर गाठता येणार होतं.

"झोप कधीपासून नाही, यमुनाबाई?" आतून वैद्यबुवांचा आवाज आला.

"प्लेगात लेक गेला तेव्हापासून."

"नाव काय त्याचं?"

"बाळ. चाळिशीचा होता."

"चाळिशीतलं बाळ?"

"मामंजींचं नाव ठेवलेलं. सुनेनं ते कसं घ्यावं? जन्मभर बाळच म्हटलं."

"मामंजी आहेत?"

"छे, त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली."

"मग आज लेकाला नावानं हाक मारा."

"बाहेर लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत."



"त्र्यंबक," ती म्हणाली. "अरे त्र्यंबका, जेवलास का रे?"

उपरण्यात खोकला दाबत दत्तोपंत हलकेच उठले. आपली पाळी तिला देऊन ते भर उन्हात, औषधावाचून घरी गेले.