रूपश्रीच्या टेकडीवरचे पाहुणे

चौऱ्याण्णव साली बंगळुरात बसवनगुडीच्या एसटीडी बूथपाशी, रांगेत माझ्यापुढे एक प्रौढ जोडपे उभे होते.

"अहो, आपल्या लेकीला, रूपश्रीला एवढंच सांगा, आज पँट घालून टेकडीवर जाऊ नकोस."

"तुंगा, हॉटेलच्या पाहुण्यांना खेडी नि जुनी देवळं दाखवणं हे तिचं काम. साडी नेसून दगड चढेल ती?"

"आजचे पाहुणे तिलाच बघायला आलेत! मुलगा नि त्याची आई, न कळवता. मध्यस्थ आत्ता सांगतोय."

"सरी, सरी, कळलं. स्वल्प हळू बोल, लोक ऐकतायत."

मी नजर खाली वळवली. त्यांची पाळी आली. गृहस्थ एकटेच आत गेले, फोन करून बाहेर आले.

"काय म्हणाली?"

"ती नाही, मॅनेजर होता. पहाटेच सगळ्यांना घेऊन निघाली."

"पँटमध्ये?"

"ते कसं विचारू? मुलगा म्हणे चिखल बघून अर्ध्यातून परतला. इडली खातोय."

"देवा! आणि आई?"

"चपला हातात घेऊन रूपश्रीच्या मागोमाग वर गेली."

"मग आता होकार कुणाचा धरायचा?"

"रूपश्रीचा. ती उतरली की विचारू."

आणि ती दोघे पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.